खोबरेल तेलातलं घुंगरू

भाऊ, बरणी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे.

रिबेकावहिनींनीच दिली. तुमच्यामागचे सुतकाचे सात दिवस संपले, घरातल्या आरशांवरच्या चादरी निघाल्या, आणि वहिनी मला म्हणाल्या, "मंगल, बेसमेंटमधली ती बरणी तू घेऊन जा बाई. मला ती बघवत नाही आणि टाकवतही नाही." मी खाली गेले. तुमचं टेबल होतं तसंच होतं. चष्मा पालथा, दात घासायचे जुने ब्रश मगात उभे, खिळ्यांचे डबे, बटणांचे डबे, आणि कडेला खिडकीखाली ती काचेची लोणच्याची बरणी. आतलं खोबरेल तेल थंडीनं गोठून पांढरंफटक झालेलं. घुंगरू त्याच्या पोटात कुठेतरी होतं, बाहेरून दिसतही नव्हतं. मी बरणी कानाशी धरून हलवली. वाजणार नाही हे मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी हलवली.

हसू नका.

ज्यांच्या शेतात ते सापडलं त्या डॉरिसबाईंना शब्द देऊन बसलात, "हे मी तुम्हाला वाजवून दाखवीन," आणि निघून गेलात. नव्वदीच्या म्हातारीला आशा लावायची, आणि मग आपणच आधी नंबर लावायचा, ही कुठली रीत? तुमच्यासाठी रडण्याआधी मी तुमच्यावर चिडले, हे तुम्हाला कळलेलं बरं.

आपली ओळखही एका शिवीनंच झाली. मला टोरांटोजवळ व्हिटबीला येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नागपूरला आई गेली. तिकीट मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं म्हणून मी गेलेच नाही. कॉलिंग कार्डावरची मिनिटं संपेपर्यंत मावशीचं रडणं ऐकलं आणि उठून तळ्याकाठी येऊन बसले. म्हणायचं तळं, पलीकडचा काठ दिसत नाही. वाळूत एक उंच, वाकलेला माणूस कानांना हेडफोन लावून, धातू शोधायची लांब दांडीची थाळी जमिनीवरून फिरवत चालला होता. मध्येच गुडघे टेकले, वाळू उकरली, काहीतरी उचललं आणि म्हणाला, "मेल्या, परत बाटलीचं झाकणच!"

मी रडता रडता हसले. तुम्ही वळून बघितलंत. कोण गेलं, काय झालं, एका शब्दानं विचारलं नाहीत. हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवलात आणि म्हणालात, "ऐक. जमिनीखाली किती गर्दी आहे बघ."

ती गर्दी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. लोखंडाची घरघर, पितळेचा भरदार सूर, मध्येच कुठेतरी चांदीची बारीक चिमणी. पायाखाली इतकं काही पडलंय आणि वरून आपण किराणा आणायला, बँकेत जायला चालत जातो, या विचारानं मी हेडफोन काढायलाच विसरले. घरी येताना लक्षात आलं की तासभर आईचा विचार मनात नव्हता, आणि तरी ती लांब गेल्यासारखी वाटत नव्हती. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "मशीनचे मान गं, मी नुसतं ते सेलमध्ये घेतलंय."

मग आपले रविवार सुरू झाले. मला शनिवार सोयीचा होता, पण तुमचा शनिवार म्हणजे शनिवार. "आम्ही शनवार तेली," तुम्ही सांगितलंत. अलिबागेकडचे ज्यू, मराठी बोलणारे, पिढ्यान् पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे. तुमच्या आजोबांचा बैल डोळ्यांना झापड बांधून घाण्याभोवती फिरायचा. गळ्यात घुंगरू. आजोबा पुढं दुकानात गिऱ्हाईक करायचे आणि एक कान मागं. घुंगरू थांबलं की बैल थांबला, मग तिथूनच हाळी द्यायची. शुक्रवारी संध्याकाळी घुंगरू सोडून खुंटीला अडकवायचे. "बैलालाही सुट्टी, घुंगरालाही," असं तुम्ही सांगायचात, आणि सांगताना तुमचा हात आपोआप खुंटीच्या उंचीवर जायचा. मी टोरांटोच्या हायवेवर तुमच्या शेजारी बसून ती खुंटी बघितली आहे.

मी इंजिनीअर. मला वाटायचं, वस्तू सापडली की पुस्तक उघडायचं, चित्र जुळवायचं, नाव द्यायचं, विषय संपला. तुमची रीत उलटी. "नाव शेवटी. आधी झीज बघ. कुठं घासलंय, कुणाच्या हातानं घासलंय, ते बघ." तो चमचा आठवतो? मला तो नुसता मोडका चमचा दिसत होता, पुढची कड एका बाजूनं खाल्लेली. तुम्ही तो उजव्या हातात धरलात, वहिनींकडून पातेलं मागवलंत आणि तळाशी खरवडलंत. झिजलेली कड तळाला अशी चपखल बसली की मी बघतच राहिले. मग डाव्या हातात धरून दाखवलात. बसेना. "उजव्या हाताचं माणूस," तुम्ही म्हणालात, "आणि त्याच्या घरी लापशी रोज खाली लागायची." दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईची लागलेली लापशी आपण व्हिटबीच्या बेसमेंटमध्ये उभं राहून खरवडत होतो. माझ्या अंगावर काटा आला. तुमच्याही आला होता, तुम्ही बाही खाली ओढलीत ती मी बघितली.

आणि एकदा मी पितळेचं बटण देवाच्या भांड्यासारखं लख्ख करायला चिंचेचा कोळ घेऊन आले होते. काय धावलात हो तुम्ही! "अगं, त्याचं वय घासून काढतेस का?" असं ओरडून बटण शर्टाच्या खिशात घातलंत. त्या चिंचेची वहिनींनी आमटी केली.

पण तुम्ही चुकायचात. खूप चुकायचात, आणि चुकताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी बरोबर असताना माझ्याही चेहऱ्यावर नसायचा. तुम्हाला सगळीकडे कोकण दिसायचं. दाराची बिजागरी दिसली की विळीचं पातं. कंदिलाची टोपी दिसली की कुणाचा तरी करंडा. मी म्हणायची, "भाऊ, हे लोक स्कॉटलंडहून आले होते, नागावहून नाही." तुम्ही म्हणायचात, "पोट तर बरोबर घेऊन आले ना?"

एकदाच तुम्ही बरोबर निघालात आणि तिथूनच सगळं सुरू झालं. डॉरिसबाईंचं शेत, गावाच्या उत्तरेला. त्या तुम्हाला नावानं हाक मारायच्या, सोलोमन. त्यांनी आपल्याला परवानगी दिली ती एका अटीवर, जे सापडेल ते आधी स्वयंपाकघरात आणून त्यांना दाखवायचं. पहिल्याच पावसाळी रविवारी मला लोखंडाचा एक चपटा, वाकडा तुकडा सापडला, आंब्याच्या फोडीसारखा, भोकं पाडलेला. "घोड्याचा तुटका नाल," मी म्हणाले. तुम्ही तो तळहातावर घेतलात आणि खाली चिखलात बसलात, अक्षरशः फतकल मारून. "मंगल, हा तुटलेला नाही. हा एवढाच असतो. ही पत्री आहे."

बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला एका पायाला दोन पत्र्या. आमच्याकडे विदर्भातही पोळ्याच्या आधी बैलांना पाडून पत्र्या मारताना मी लहानपणी बघितलंय, पण इथं, या मक्याच्या शेतात, मला ते सुचलंच नसतं. डॉरिसबाईंनी सांगितलं, खरंय, त्यांच्या पणजोबांकडे बैल होते. सगळं रान बैलांनीच मोडलं, घोडे नंतर आले. तुम्ही ती पत्री दोन्ही हातांत धरून उभे होतात. "इथंही बैल होते गं," एवढंच परत परत म्हणत होतात. देश सोडून इतकी वर्षं झालेला माणूस, आणि कुणी गाववाला भेटल्यासारखा बोलत होता. त्या दिवशी तुमच्याकडे बघून मला कळलं की ही जमीन तुम्हाला तोवर परकी वाटत होती. मला वाटायचं, फक्त मलाच वाटते.

म्हणून मग गेल्या ऑक्टोबरात त्याच शेतात ते घुंगरू निघालं तेव्हा तुम्ही कुणाचं ऐकणार नव्हतात. लिंबाएवढं, पितळेचं, हिरवं पडलेलं, वरच्या अंगाला पाकळ्यांची नक्षी, खाली चीर. तुम्ही ते धुतलंही नाहीत. "बैलाचं," तुम्ही जाहीर केलंत. पत्री बैलाची, तर घुंगरू कुणाचं? सोपं गणित. शेत तेच, बैल तोच! मी आयुष्यात इतकं पक्कं आणि इतकं चुकीचं गणित बघितलेलं नाही.

डॉरिसबाईंनी ते टेबलावर बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला. बैलाचं नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्या वडिलांच्या स्लेजचं, बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोडागाडीचं. घोड्यांच्या पट्ट्यावर अशी रांगच असायची. बर्फावर स्लेजचा आवाज होत नाही, खुरांचाही नाही, वळणावर दोन गाड्या एकमेकींवर आदळायच्या, म्हणून ही घुंगरं. वडील गिरणीवरून परत यायचे तेव्हा चार-पाच वर्षांची डॉरिस खिडकीला नाक लावून उभी असायची. दिसायच्या आधी ऐकू यायचं. ऐकू आलं की आईला ओरडून सांगायचं, "केटल!" तेवढं एकच काम तिच्याकडे होतं, म्हणून कुणाला करू द्यायची नाही. आई पाणी उकळायला ठेवायची आणि वडील आत येईपर्यंत चहा तयार.

हे सांगून त्यांनी घुंगरू उचललं, हलवलं. काही नाही. आतला लोखंडी दाणा गंजून भिंतीला चिकटलेला. त्यांनी परत हलवलं, आणि मग इतक्या हळूच खाली ठेवलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्याच महिन्यात त्या नर्सिंग होममध्ये जाणार होत्या. शेत विकलं गेलं होतं. तिथं घरं होणार आहेत.

आणि तुम्ही म्हणालात, "आय विल मेक इट रिंग फॉर यू."

परतताना गाडीत काय भांडलो आपण! मी म्हणाले, गॅरेजमध्ये बॅटरीचा चार्जर आहे, सोड्याच्या पाण्यात टाकू, करंट लावू, एका दिवसात गंज सुटेल. तुम्ही म्हणालात, "आणि गंजाबरोबर दाणाच गेला तर? दाण्याशिवाय घुंगरू म्हणजे वाटी." मग काय करणार? तेलात ठेवणार. कुठल्या तेलात? खोबरेल! "बाप्पा," मी म्हणाले, "केसांना लावायचं तेल?" तुम्ही म्हणालात, "तेल्याचा नातू आहे मी. तेल काय करतं ते तू मला शिकवू नकोस." दर आठवड्याला मी येऊन घुंगरू हलवायची आणि म्हणायची, "मुकं आहे हो तुमचं." आणि तुमचं ठरलेलं उत्तर, "मुकं नाही गं. त्याचा शनिवार चालू आहे."

घोडा सरळ मान्य केलात का तुम्ही शेवटी? नाही. "घोड्याचं असेल, पण काम तेच," म्हणालात. घरात बसलेल्या माणसाला बाहेरचं चालणं कळावं, यासाठी. भाऊबीजेला मी ओवाळायला आले तेव्हाही तबक हातात असताना आपण हाच वाद घालत होतो आणि वहिनी म्हणाल्या, "निरांजन विझेल, आधी ओवाळ." त्या वादाचा निकाल लागायचा होता. मी पुढच्या रविवारसाठी मुद्दे काढून ठेवले होते.

ऐन थंडीत तुम्ही गेलात, आणि तुमच्या रीतीनं तुम्हाला दुसऱ्याच दिवशी पुरायला नेलं. आमच्यात अग्नी देतात. माणूस जमिनीत ठेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. जमीन गोठलेली, मशीननं फोडलेली, ढेकळं दगडासारखी. पहिली माती फावड्याच्या उलट्या बाजूनं टाकायची असते, आपल्याला या कामाची घाई नाही हे दिसावं म्हणून. मला माहीत नव्हतं, मी मागं उभी होते. वहिनींनी फावडं माझ्याकडे केलं. "तू टाक. तुला त्यांनी शिकवलंय."

खरंच शिकवलं होतंत. प्रत्येक खड्डा बुजवायचा, गवताचा तुकडा जसा निघाला तसा परत बसवायचा, हलक्या पायानं दाबायचा. "गवतालाही कळता कामा नये आपण येऊन गेलो ते." मी पहिलं फावडं उलटं टाकलं, मग सरळ केलं, आणि मग मला थांबताच येईना. कुणीतरी दंडाला धरलं. मला नीट बुजवायचं होतं, भाऊ. कडा सोडून चालत नाही.

तर बरणी. घरी आणली आणि खरं सांगते, चार्जर काढला. सोड्याचं पाणीही केलं. आता अडवणारं कोण होतं? वायर हातात घेऊन गॅरेजमध्ये उभी राहिले. डॉरिसबाईंचं वय बघता एक दिवसाचं काम एका दिवसात व्हायला हवं होतं. पण दाणा गेला तर? हा प्रश्न तुमच्याच आवाजात आला. तुम्ही असताना मी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं, फक्त आवाज चढवला होता. वायर गुंडाळून ठेवली आणि बरणी घर तापवणाऱ्या फर्नेसच्या गरम हवेच्या जाळीवर नेऊन ठेवली.

तेल वितळलं. आधी कडेनं, मग मध्ये. पाण्यासारखं नितळ झालं आणि त्यात ते घुंगरू खाली बसलेलं दिसलं. चिरेतून तांबूस धूर निघावा तसा गंज येत होता. तुमचं तेल काम करत होतं, फक्त तुमच्या बेसमेंटमध्ये थंडीनं त्याचे हातपाय आखडले होते. तेल्याच्या नातवाला एवढं कळू नये? मी तेल बदललं, घुंगरू उलटं केलं, पुन्हा बदललं. नागपूरच्या बाईच्या घरात दाण्याच्या तेलाच्या फोडणीऐवजी सगळीकडे खोबरेलाचा वास. मुलगी नाक धरून म्हणाली, "आई, द हाउस स्मेल्स लाइक ग्रँडमा." मला ते आवडलं.

मग एका सकाळी पुसायला म्हणून बाहेर काढलं आणि तेलकट बोटांतून ते ओट्यावर सटकलं. आत काहीतरी हललं.

मी ते उचलून हलवलं. मधुर वगैरे काही नव्हतं हो. डब्यात सुपारी पडावी तसा आवाज. पण त्या दाण्यावर शेवटचा हात कुठल्या ओतकामवाल्याचा पडला असेल, शेवटचा तो कुठल्या हिवाळ्यात वाजला असेल, आणि नंतर कितीदा त्यावरून नांगर गेला असेल. आणि आत्ता तो माझ्या स्वयंपाकघरात बोलत होता. मी ते परत परत हलवत राहिले.

वहिनींना फोन लावला आणि काही न बोलता घुंगरू फोनपाशी हलवलं. त्यांनी लगेच ओळखलं. मग म्हणाल्या, "संपला म्हणायचा त्याचा शनिवार."

त्याच दुपारी डॉरिसबाईंकडे गेले. नर्सिंग होमच्या लांबच लांब कॉरिडॉरला जाड कार्पेट आहे, बूट दाराशी काढायला लावतात. मी मोज्यांवर चालत होते. माझ्या पावलांचा मलाच आवाज येत नव्हता. घुंगरू कोटाच्या खिशात होतं आणि चालीबरोबर वाजत होतं. ते दाबून धरायचं मला सुचलं नाही. डॉरिसबाईंना आता कमी ऐकू येतं. नर्सनं सांगितलं होतं की जवळ जाऊन मोठ्यानं बोला.

दार अजून दोन खोल्या पुढं होतं. आतून आवाज आला, मोठा, खणखणीत, लहान मुलीचा असावा तसा.

"केटल!"

मी जागच्या जागी उभी राहिले. घुंगरू थांबलं. मग मी पुढं निघाले, ते पुन्हा वाजलं, आणि दारात पोचले तेव्हा डॉरिसबाई खुर्चीत सरळ बसून, केस सारखे करत, दाराकडे बघत होत्या. मला बघून त्या भानावर आल्या आणि स्वतःलाच हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मी घुंगरू त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते गालाला लावलं. खोबरेलाचा वास आल्यावर म्हणाल्या, हा वास कसला? मी म्हटलं, सोलोमनचा.

तुम्ही गेलात हे त्यांना माहीत होतं, वहिनींनी कळवलं होतं. तरी निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "टेल हिम आय हर्ड इट," म्हणाल्या. "फ्रॉम द रोड."

घुंगरू त्यांच्याकडेच ठेवलं. ते तिथलंच आहे. बैलाचं की घोड्याचं, हा वाद मी सोडून दिलाय असं समजू नका. पण काम तेच, हे कबूल. तुम्ही हे माझ्या तोंडून ऐकायला हवं होतंत.

आज रविवार. काल दिवसभर बर्फ पडला, ड्राइव्हवे शोव्हल करून निघायला उशीर झाला. कबरस्तानात तुमच्याकडे येणारी वाट अजून कुणी पाडलेली नाही. घोट्याच्या वर बर्फ आहे, भुसभुशीत, पाऊल टाकलं तरी आवाज म्हणून नाही. आणि वाजवत यायला माझ्याकडे आता काही नाही. म्हणून फाटकापासूनच ओरडत येते आहे, लोक काही का म्हणेनात.

भाऊ, मी आलेय. डॉरिसनं ऐकलं. रस्त्यावरूनच ऐकलं.